खोडकिड्याचा विषय ग्रामसभेत घ्या

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. पावसाळ्यात या चार जिल्ह्यांत कुठेही उतरा, नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. रोवणीला इथे अख्खे गाव एकत्र येते, तलावाचे पाणी गाव मिळून वाटून घेते. खोडकिड्याशी मात्र प्रत्येक शेतकरी एकटाच झुंजतो : आपल्या धुऱ्याच्या आत, आपल्या पंपाने आणि कृषी केंद्रातून उधारीवर आणलेल्या बाटलीने. या एकट्याने लढण्यातच आपली हार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोडकिड्याचा बंदोबस्त गावाने मिळून, तारखा ठरवून करायला हवा. त्यासाठी नवी योजना नको, नवे खातेही नको. ग्रामसभा आहे, तेवढी पुरे. मुद्दे क्रमाने मांडतो.

१. आधी हा किडा नीट पाहू. आपल्याकडे धानावर मुख्यतः पिवळा खोडकिडा येतो. याची मादी म्हणजे पिवळसर पतंग, पुढच्या दोन्ही पंखांवर मधोमध एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते आणि आपल्या पोटाच्या टोकाचे मऊ केस त्यांवर चिकटवून ती झाकून टाकते. पान हातात धरले तर करंगळीच्या नखाहून लहान, मातकट पिवळा, लोकरीसारखा पुंजका दिसतो. आत दाटीवाटीने पन्नास-शंभर अंडी असू शकतात. आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात. काही रेशमी धाग्याला लोंबकळतात आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या चुडावर जातात. काही पानाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून बांधीतल्या पाण्यावर तरंगत पुढे सरकतात. मग एकेक अळी एकेका फुटव्यात शिरते. असा फुटवा नखाने उभा चिरून बघा. आत पिवळसर पांढरी अळी, तपकिरी डोके, आणि तिच्या मागेपुढे ओलसर भुसा. मधले पान चिमटीत धरून ओढले तर काहीच जोर न लावता हातात येते, बुडाशी कुरतडलेले. पुढे अळी खोडातच कोष करते, पण त्याआधी पतंगाला बाहेर पडता यावे म्हणून खोडाला भोक पाडून ठेवते. सगळे चक्र दीड-दोन महिन्यांत पुरे होते, म्हणजे एका हंगामात पिढीमागून पिढी. पतंग उडतो, अळी वाऱ्यावर आणि पाण्यावर पसरते. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याच्याशी त्या दोघांना काही देणेघेणे नाही.

२. नुकसान दोन प्रकारचे असते आणि त्यातला फरक शेतकऱ्याच्या खिशाशी जोडलेला आहे. फुटवे फुटण्याच्या काळात अळी शिरली तर मधला पोंगा वाळतो. याला आपण गाभामर म्हणतो. बांधीत दहा-वीस वाळलेले पोंगे दिसले की माणूस घाबरतो आणि त्याच दिवशी कृषी केंद्र गाठतो. पण त्या वयात धान सावरते. मेलेल्या फुटव्याच्या जागी नवे फुटवे येतात, उरलेल्या लोंब्या थोड्या जास्त भरतात. फवारणीच्या शिफारशीतली मर्यादा पाच टक्के गाभामर किंवा चौरस मीटरला एक अंडीपुंज अशी ठेवली आहे, ती यामुळेच. पोटरीत आल्यावर अळी शिरली तर मात्र लोंबी सरळ, पांढरी आणि पोचट निघते. तिची भरपाई कुठूनच होत नाही. कोकणात अशा लोंब्यांना पळींज म्हणतात. म्हणजे जिथे पीक स्वतः सावरू शकते तिथे आपण पैसा ओततो, आणि जिथे नुकसान कायमचे असते तिथे पोचेपर्यंत हात रिकामे झालेले असतात.

३. फवारणीची वेळ साधणे एकट्या शेतकऱ्याला जवळजवळ अशक्य आहे. अळी अंड्यातून निघून खोडात शिरेपर्यंतच उघड्यावर असते. एकदा आत गेली की वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. गाभामर दिसते तेव्हा अळी कधीच आत गेलेली असते. आणि योगायोगाने वेळ साधलीच, तरी शेजारच्या बांधीतले पतंग आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालून जातात. या औषधांचा इतिहासही लक्षात ठेवावा. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षे हाताने फेकले गेलेले फोरेटचे दाणे इतके घातक ठरले की त्यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंद झाला. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच होती. पाठीवर पंप घेणाऱ्याचा जीव हा फवारणीचा खर्च धरला जात नाही, आणि याच कारणासाठी नको तिथली प्रत्येक फवारणी टळली पाहिजे.

४. आता धसकट. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, कारण गाव इथे खरोखर काही करू शकते.

कापणी झाली, कडपा उचलल्या, धान घरी आले की शेतकऱ्याच्या लेखी हंगाम संपतो. खोडकिड्याचा संपलेला नसतो. शेवटच्या पिढीच्या अळ्या धसकटाच्या बुडाशी, अगदी जमिनीलगत, सुस्तावून पडून राहतात. पुढे हवा मानवली की तिथेच कोष होतो आणि तिथूनच पतंग निघतो. पुढच्या हंगामातली पहिली मादी कुठल्या जंगलातून येत नाही, ती आपल्याच बांधीतल्या धसकटातून येते.

त्यामुळे विळा किती खाली चालला यावर बरेच काही ठरते. जमिनीलगत कापले तर खोडाबरोबर पुष्कळ अळ्या बाहेर निघतात. उंच कापले तर सगळ्या मागे राहतात. हार्वेस्टर आल्यापासून कापणीची उंची वाढली आहे, कारण वरून कापले की यंत्र भरभर पळते आणि चालकाला दिवसात जास्त एकर उरकता येतात. मजूर मिळत नाहीत हे खरे आहे, हार्वेस्टर थांबवा असे मी म्हणणार नाही. पण हार्वेस्टर गावात येतो तेव्हा तो एकट्याकडे येत नाही, सलग दहा-पंधरा जणांचे धान कापून जातो. त्या सगळ्यांनी मिळून कापणीची उंची ठरवली आणि ती पाळली तरच पैसे असे सांगितले तर चालकाला ऐकावे लागेल. एकट्या दोन एकरवाल्याचे तो ऐकणार नाही.

धसकट जाळून काम भागते असा एक समज आहे. जळते ते वरचे तणस, अळी मात्र बुडाशी वाचते. वर जमिनीतला कस जातो तो वेगळाच. खरा उपाय नांगरट : धसकट उलथून उन्हात पडले किंवा पाण्याखाली गेले की अळी मरते.

इथे आपल्या भागाची एक खरी अडचण आहे आणि छापील सल्ल्यात ती कुठेच सापडत नाही. उभ्या धानात आपण लाखोळी, जवस उतेरा टाकतो. कापणीनंतर लगेच नांगरा असे सांगणाऱ्याने त्या लाखोळीचे काय करायचे तेही सांगावे. मला सुचणारा मार्ग असा : उतेऱ्याच्या बांधीत धान अगदी खालून कापायचे, आणि लाखोळी निघाली की दुसऱ्या कामाच्या मागे न लागता ती बांधी आधी नांगरायची. बाकीच्या बांध्या कापणीनंतर लवकर. ट्रॅक्टर भाड्याचा असतो, प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा ही नांगरट सामायिक व्हावी, आणि ठेक्याने किंवा बटईने शेती करणाऱ्यांच्या बांध्याही तिच्यात धराव्यात. पुढच्या वर्षी ती जमीन आपल्याकडे राहील की नाही याची ज्याला खात्री नाही, तो स्वतःच्या पैशाने धसकटावर नांगर चालवेल ही अपेक्षा अन्यायाची आहे.

५. उन्हाळी धान. इटियाडोह, गोसेखुर्द आणि बोअरवेल यांच्या भरवशावर उन्हाळ्यातही धान घेतले जाते. त्यातून हाती पैसा येतो, आणि ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ते घेऊ नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण पिवळा खोडकिडा जवळपास पूर्णपणे धानावरच जगतो. वर्षातले काही महिने शेतात धान नसणे हा त्याच्यावरचा सर्वांत जुना आणि फुकटचा लगाम होता. मे महिन्यात उन्हाळी धान कापले आणि जूनमध्ये त्याच्याच शेजारी खरिपाचे पऱ्हे टाकले, तर आपण किड्याला उपास पडू देत नाही. एवढे तरी ठरवता येईल : उन्हाळी धानाचे धसकट मोडल्याशिवाय त्या शिवारात पऱ्हे टाकायचे नाहीत.

रोवणीचेही तसेच आहे. एकाच तलावाखाली कुणाची रोवणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, कुणाची ऑगस्टच्या अखेरीस झाली तर पतंगाला कधीही कोवळे धान सापडते. दोन-तीन आठवड्यांत रोवणी उरकली तर ती संधी आक्रसते. आपल्या मालगुजारी तलावांची पाणीवाटप पद्धत पिढ्यानपिढ्या हेच शिकवत आली आहे. तलावाचे पाणी कधी सोडायचे हे गाव ठरवते, म्हणजे रोवणीची तारीखही गावच ठरवू शकते.

६. पऱ्ह्यांचे शेंडे. अंडीपुंज शेंड्याजवळ असतात, म्हणून रोवणीआधी पऱ्ह्यांच्या पेंढीचे शेंडे खुडावे अशी शिफारस आहे. साधी आणि बिनपैशाची. पण ती पाळली का जात नाही? रोवणीच्या बाया एकराच्या ठेक्याने काम करतात. पेंढी बांधताना शेंडे खुडायचे तर त्यांचा वेळ जातो आणि त्या वेळेची मजुरी कुणी देत नाही. ठेक्याच्या दरात हे काम धरा, ते होईल. अंडीपुंज सर्वांत आधी दिसतो तोही याच बायांना, कारण चिखलात वाकून प्रत्येक चूड हातात घेणाऱ्या त्याच. तरी शेतीशाळेचे बोलावणे जाते ते बहुधा सातबारावर नाव असलेल्या पुरुषाला. हे बदलले पाहिजे.

७. युरिया आणि राख. युरियाचा मारा झाला की धान गर्द हिरवे, लुसलुशीत होते आणि अळीला ते मानवते. याउलट खोडात सिलिका भरपूर असेल तर पेशी कठीण होतात आणि कोवळ्या अळीचे जबडे झिजतात. ही सिलिका विकत घ्यावी लागत नाही, धानाच्या तुसात आणि तणसात ती भरलेली असते. डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणातून पुढे आणलेल्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्र हेच : तुसाची राख रोपवाटिकेत, तणस शेतात. पुढची तीन सूत्रे म्हणजे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि चार चुडांच्या मधोमध खोल दाबलेली युरिया-डीएपीची गोळी. गोळीतले नत्र हळूहळू सुटते, एकदम माज येत नाही. आपल्या भागात जागोजागी राइस मिल आहेत आणि त्यांच्याकडे तुसाचे ढीग पडून असतात. मिलशी बोलून गावाने ती राख पऱ्ह्यांसाठी आणावी, याला अनुदान लागत नाही.

वाण बदलून प्रश्न सुटेल ही आशा फार धरू नये. जगभरात धानाचे हजारो वाण तपासले गेले. टीकेएम-६ सारख्या काहींत मध्यम प्रतिकार सापडला, पण खोडकिड्याला पूर्णपणे दाद न देणारा लागवडीचा वाण हाती आलेला नाही.

८. शिवारातले आपले सोबती. लांब मिशांचा नाकतोडा अंडीपुंज कुरतडून खातो, कोळी आणि चतुर पतंग पकडतात. पण सर्वांत मोलाच्या आहेत त्या टाचणीच्या डोक्याएवढ्याही नसलेल्या परोपजीवी माश्या. त्यातली टेलेनोमस नावाची माशी खोडकिड्याच्या मादीच्या केसांतच बसून प्रवास करते आणि मादीने अंडी घातली की लगेच त्यांत आपले अंडे घालते. ट्रायकोग्रामा आणि टेट्रास्टिकस याही अंड्यांवरच जगतात. एक अंडीपुंज तोडून बाटलीत ठेवा, तोंडाला पातळ फडके बांधा. आठवड्याभरात अळ्यांऐवजी बारीक काळ्या माश्या निघाल्या तर समजा की तुमच्या शिवारात काम चालू आहे. शाळेच्या विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग प्रत्येक गावात व्हावा असे मला मनापासून वाटते. सरसकट फवारणीने आधी मरतात त्या याच माश्या, आणि मग तुडतुडेही बळावतात.

या माश्यांची किंमत दुसऱ्या खंडाला कळली ती अशी. ज्वारी-मक्यावरचा ठिपक्यांचा खोडकिडा मूळ आपल्या आशियातला. विसाव्या शतकात तो आफ्रिकेत पोचला, आणि तिथे त्याचा शत्रू नसल्याने पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पसरला. शेवटी १९९३ साली पाकिस्तानातून आणलेली कोटेशिया नावाची परोपजीवी माशी केनियाच्या किनारपट्टीवर सोडण्यात आली, आणि ती तिथे रुजली. पुढे केनियातच झेयाउर खान या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह आंतरपिकाची पद्धत बसवली : मक्याच्या ओळींत डेस्मोडियम, जे पतंगाला दूर ठेवते, आणि कडेने नेपियर गवत, जे त्याला स्वतःकडे ओढते. जी माशी तिकडे समुद्रापार न्यावी लागली, तिचे भाऊबंद आपल्याकडे मुळातच आहेत.

९. गावाने मिळून किडा आवरण्याचे प्रयोग आधीही झाले आहेत आणि त्यांत आपल्यासाठी धडे आहेत. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धसकटे उपटण्याची आणि अंडीपुंज गोळा करण्याची सक्ती झाली, १८९६ साली तसा कायदाही आला. क्युशू बेटावरच्या चिकुगो भागात धसकटाच्या सक्तीला शेतकऱ्यांनी आधीच कडाडून विरोध केला होता. काम त्यांचे, मजुरी नाही, आणि हुकूम वरून आलेला. मला त्या शेतकऱ्यांची बाजू समजते. आपल्या देशातही मद्रास इलाख्याने १९१९ साली किडींबाबत कायदा केला, पण कायद्याने बांधीत कुणी उतरत नाही.

इंडोनेशियाची वाट वेगळी. १९८६ साली तिथल्या सरकारने धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, कारण त्यांच्यामुळेच तुडतुडे उसळले होते. तीन-चार वर्षांनी पश्चिम जावाच्या उत्तर किनाऱ्यावर पांढऱ्या खोडकिड्याची मोठी साथ आली आणि फवारणीकडे परतण्याचा दबाव वाढला. सरकारने तो मानला नाही. लोकांनी रोपवाटिकांतून अंडीपुंज वेचले, आणि गावोगावच्या शेतीशाळांत शेतकरी स्वतः मोजायला आणि नोंद करायला शिकले. आपल्याकडे हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. एचएमटी धान दादाजी खोब्रागडे यांनी निव्वळ निरीक्षणातून निवडून काढले, ते चंद्रपूर जिल्ह्यातच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट बसवून, सर्वसहमतीने निर्णय घेत आपले जंगल सांभाळून दाखवले आहे.

१०. सरकारकडे मागण्या दोनच. पहिली : क्रॉपसॅप हा किडींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प राज्यात २००९-१० पासून चालू आहे. त्याची आकडेवारी संगणकात जाते आणि सल्ला होऊन फिरते. ती गावाच्या फलकावर दर आठवड्याला लागावी, जिल्ह्याची सरासरी म्हणून नाही तर गावाच्या नावाने : सापळ्यात किती पतंग, चौरस मीटरला किती अंडीपुंज, गाभामर किती टक्के. दुसरी मागणी विम्याची. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत २०२५ च्या खरिपाआधी एकेकट्या शेताचा पंचनामा होत असे. किडीचे नुकसान मात्र महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नातूनच मोजले जाते. म्हणजे नुकसान मंडळाचे धरायचे आणि बंदोबस्त एकट्याने करायचा. बंदोबस्तही सामूहिक धरा आणि कामगंध सापळे, ट्रायकोग्रामा माशी सोडण्याची ट्रायकोकार्डे, सामायिक नांगरट यांचा खर्च गावाच्या नावे द्या. कामगंध सापळ्यात फक्त नर सापडतात. एकट्याने एका एकरात लावले तर बाहेरून आलेल्या, आधीच फळलेल्या माद्या अंडी घालतातच. सलग शिवारात लावले तरच उपयोग.

११. तारखा. ग्रामसभेच्या रूढ तारखा आणि खोडकिड्याचे वर्ष एकमेकांशी चांगले जुळतात.

१ मे : उन्हाळी धानाचे धसकट मोडण्याची मुदत, पऱ्हे टाकण्याचा आठवडा, तलावनिहाय रोवणीचा काळ, मिलकडून राख, रोवणीच्या ठेक्यात शेंडे खुडण्याचा दर.

१५ ऑगस्ट : रोवणी झालेली असते. पाच-सहा जणांचा गट नेमावा, त्यात निम्म्या बाया असाव्यात. हा गट आणि सहायक कृषी अधिकारी दर आठवड्याला ठरावीक बांध्यांत मोजणी करतील. मर्यादा ओलांडल्याचे गट सांगेपर्यंत फवारणी नाही, आणि सांगितले तर त्या भागातल्या सगळ्यांनी दोन दिवसांत.

२ ऑक्टोबर : हलके धान कापणीला येत असते. कापणीची उंची, हार्वेस्टरवाल्याशी लेखी बोलणी, नांगरटीचा क्रम, आणि उन्हाळी धान कोणत्या तलावाखाली घ्यायचे व कोणत्या नाही.

२६ जानेवारी : हिशेब. मोजणीची वही ग्रामसभेत वाचून दाखवायची. पांढऱ्या लोंब्या कोणत्या शिवारात जास्त निघाल्या आणि उतेऱ्याच्या किती बांध्या नांगरायच्या राहिल्या आहेत, ते नावानिशी.

पहिल्या वर्षी सगळे गाव येणार नाही. एका तलावाखालचे शेतकरी एकत्र आले तरी सुरुवात होते, कारण तेवढे शिवार सलग असते. त्यांचा ठराव १ मेच्या विषयपत्रिकेवर घ्यायचा असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज एप्रिलमध्येच द्यावा लागेल.